पॉवर, एक्सपी ९५, सर्व्हिस सेंटरच्या बाटल्या: खरंच पैसे वसूल होतात का?

टाकीफुल्ल
मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं. हल्ली पंपावर गेलं की झिरो दाखवायच्या आधी पोरगा विचारतो "सर पॉवर टाकू की साधं?" आणि मागे रांग असते, त्यामुळे माणूस हो म्हणून मोकळा होतो. माझी गाडी १.२ लिटरची साधी पेट्रोल हॅचबॅक, २०१९ चं मॉडेल, रोज कोथरूड ते हिंजवडी आणि मधून मधून साताऱ्याकडे गावी. पॉवर काय, एक्सपी ९५ काय, या महागातल्या प्रीमियम पेट्रोलला लिटरमागे सात-आठ रुपये जास्त जातात. वर सर्व्हिसिंगला गाडी टाकली की बिलात फ्युएल सिस्टिम क्लीनर, इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग अशा ओळी वाढत चालल्यात. बाबांचं म्हणणं, महाग पेट्रोल इंजिनाला चांगलंच असणार, त्यात काटकसर कसली करायची. मला पटत नाही पण उलट सांगायला हातात मुद्दा पण नाही. जाणकारांनी आणि वापरणाऱ्यांनी लिहा, जाहिरातीतलं नको.

घाटवाट
मी तीन-चार वर्षं प्रीमियमच टाकतोय. पिकअपमध्ये फरक जाणवतो, खंबाटकी चढताना गाडी दम खात नाही आणि इंजिनचा आवाज पण मऊ वाटतो. अ‍ॅव्हरेज मोजलेलं नाही पण थोडं वाढलं असावं. गाडीवर दहा लाख घालायचे आणि पेट्रोलला सात रुपये वाचवायचे हे मला झेपत नाही बुवा.

रिफायनरीतला_काका
नोकरीभर रिफायनरीच्या लॅबमध्ये होतो, आता निवृत्त. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. एक लिटर ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये आणि एक लिटर ९५ च्या पेट्रोलमध्ये ऊर्जा जवळपास तेवढीच असते. ऑक्टेन नंबर एवढंच सांगतो की पेट्रोल किती दाब आणि उष्णता सहन करतं, प्लगची ठिणगी पडायच्या आधी किंवा ज्वाला पोचायच्या आधी आपणहून पेट घेतं का नाही. तसं पेटलं तर सिलिंडरमध्ये दोन ठिकाणाहून स्फोट झाल्यासारखं होतं आणि आपल्याला टकटक ऐकू येतं, त्यालाच नॉकिंग म्हणतात. चढाला चौथ्या गिअरवर गाडी ताणली की जुन्या गाड्यांमध्ये ते हमखास ऐकू यायचं. पूर्वी हे थांबवायला पेट्रोलमध्ये शिसं घालत, ते विषारी म्हणून २००० साली देशभर बंद झालं.

आता मुद्द्याचं. तुमच्या इंजिनात नॉकिंग होतच नसेल तर जास्त ऑक्टेनने काय थांबवणार? कंपनीने इंजिन ज्या ऑक्टेनवर ट्यून केलं त्याच्यावरचं जे काही तुम्ही विकत घेताय त्याचा उपयोग करून घ्यायची सोय साध्या इंजिनात नसते. लोक म्हणतात माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा-पेट्रोल किती पट दाबतो ते) जास्त आहे म्हणून महाग पेट्रोल हवं, पण मारुतीचं १.२ ड्युअलजेट इंजिन १२:१ कॉम्प्रेशनचं आहे आणि ते आपल्याकडच्या साध्या पेट्रोलवर चालायलाच बनवलंय. स्प्लेंडरसारख्या बाइक दहाच्या आसपास, जुनी साडेतीनशेची बुलेट तर साडेआठ. बुलेटमध्ये ९७ किंवा १०० ऑक्टेन टाकणारे लोक मी पाहिलेत, त्यांचे पैसे सायलेन्सरमधून बाहेर जातात.

आणि दुसरी गोष्ट, जी पंपावर कोणी सांगत नाही. आपल्याकडे बीएस-२ च्या, म्हणजे भारत स्टेज या सरकारी धुराच्या नियमांच्या दुसऱ्या टप्प्याच्या काळात साधं पेट्रोल ८८ ऑक्टेनचं होतं, बीएस-६ पर्यंत ते ९१ झालं. आता २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर साधं पेट्रोलच ९५ च्या जवळ पोचतं, कारण इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ई-२० ची बाजू मांडताना हेच सांगितलं होतं. मग साध्या नोझलमधून ९५ च्या जवळचं मिळत असताना "९५" हा आकडा बघून जास्तीचे सात-आठ रुपये कशाचे द्यायचे? ८८ च्या जमान्यात प्रीमियमला काही अर्थ होता, त्या वेळची लोकांची समजूत अजून चालू आहे.

टाकीफुल्ल
काका, मनापासून धन्यवाद, हेच हवं होतं. म्हणजे एक्सपी ९५ आणि साधं यात काहीच फरक नाही असं म्हणायचं का?

रिफायनरीतला_काका
काहीच नाही असं नाही. त्यात डिटर्जंट अ‍ॅडिटिव्ह जास्त असतं, म्हणजे पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आणि सिलिंडरमध्ये हवा सोडणारा इनटेक व्हॉल्व्ह यांच्यावर काजळी-चिकटा बसू नये म्हणून घातलेलं रसायन. ते खरं काम करतं, मी लॅबमध्ये तपासलेलं आहे. पण लिटरला त्याची मात्रा अगदी थेंबभर लागते आणि त्याचा खर्च सात रुपये नक्कीच नसतो. ब्रँडेड पेट्रोलवर केंद्राची एक्साइज पण साध्यापेक्षा लिटरला रुपयाहून थोडी जास्त आहे, आणि वाढलेल्या किमतीवर राज्याचा व्हॅट टक्क्यात लागतो. म्हणजे तुमच्या जास्तीच्या पैशातला काही भाग अ‍ॅडिटिव्हला न जाता सरळ करात जातो. जिओ-बीपीने ऑक्टोबर २०२१ मध्ये नवी मुंबईत नावडेला पहिला पंप काढला तेव्हा अ‍ॅडिटिव्ह घातलेलं इंधन साध्या भावातच देऊ असं सांगितलं होतं. त्यावरून अंदाज करा.

अनघा_ठाणे
काका माझी १.० टर्बो पेट्रोल आहे, डायरेक्ट इंजेक्शनवाली. टाकीच्या झाकणाच्या आत स्टिकरवर ९५ लिहिलंय. मग मी काय करावं? शोरूमवाला म्हणतो प्रीमियमच टाका, कंपनीतला मित्र म्हणतो काही गरज नाही.

रिफायनरीतला_काका
अनघाताई, स्टिकरवर ९५ असेल तर स्टिकर ऐका, मित्राचं नको. टर्बोमध्ये हवा आधीच दाबून आत जाते, त्यामुळे नॉकिंगचा धोका खरा असतो. अशा इंजिनात नॉक सेन्सर असतो, कमी ऑक्टेन पडलं की ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो, गाडी बिघडत नाही पण ताकद आणि अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. पंपावर ई-२० मिळत असेल तर ऑक्टेनची गरज तिथेच बऱ्यापैकी भागते. उन्हाळ्यात गाडी भरून कसारा चढायचा असेल तर खुशाल ९५ चं लेबल असलेलं टाका, तुमच्या इंजिनाला त्याचा उपयोग करता येतो. केटीएम ३९० सारख्या बाइकवाल्यांनाही हेच लागू.

पण एक सांगतो, तुमच्या गाडीत डायरेक्ट इंजेक्शन आहे म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून जातच नाही. त्यामुळे "आमचं पेट्रोल व्हॉल्व्ह साफ ठेवतं" हा दावा तुमच्या गाडीला लागूच पडत नाही. इंजेक्टर साफ राहील, व्हॉल्व्ह नाही. तिथली काजळी काढायची तर गॅरेजमध्येच काढावी लागते.

अनघा_ठाणे
हे तर शोरूममध्ये कोणी कधी बोललंच नाही! तिथे तर व्हॉल्व्ह क्लीनिंगची बाटली पेट्रोलच्या टाकीत ओतायची म्हणून पैसे घेतले माझ्याकडून 😡

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इकडे हा वाद कधीचा चालू आहे. ट्रिपल ए म्हणजे इथली मोठी वाहनचालक संघटना, त्यांनी २०१६ मध्ये साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत प्रीमियम टाकून तपासलं, ताकद, अ‍ॅव्हरेज, धूर कशातच म्हणण्यासारखा फायदा निघाला नाही. त्यांच्या हिशोबाने अमेरिकन लोकांनी वर्षभरात दोन अब्ज डॉलरच्या वर असे वाया घालवले. पण त्याच वर्षी त्यांनी डिटर्जंट पण तपासलं आणि तिथे निकाल उलटा आला. टॉप टियर नावाचा मापदंड पाळणाऱ्या पेट्रोलने व्हॉल्व्हवरचा साठा बिगर टॉप टियरपेक्षा सरासरी १९ पट कमी झाला. म्हणजे काकांचंच म्हणणं, ऑक्टेन वेगळं, डिटर्जंट वेगळं. महत्त्वाचं हे की इकडे टॉप टियर पंपावर साध्या ग्रेडमध्ये पण तेच डिटर्जंट मिळतं, त्यासाठी प्रीमियम घ्यावं लागत नाही. भारतात ग्राहकाला हे कळायची सोय नाही याचं मला वाईट वाटतं. पंपावर ऑक्टेनचा आकडा मोठ्ठा लिहितात, डिटर्जंट किती घातलंय ते कुठेच नाही.

आणि इकडचे आकडे बघून गोंधळू नका, इथलं ८७ म्हणजे आपल्याकडच्या मोजणीत साधारण ९१. मोजायची पद्धत वेगळी आहे. दरवेळी कोणीतरी भारतातून विचारतो की अमेरिकेत ८७ वर कशा चालतात गाड्या, म्हणून लिहिलं.

घाटवाट
अहवाल ठीक आहेत पण मला फरक जाणवतो तो काय खोटा आहे का?

रिफायनरीतला_काका
खोटं कोण म्हणतंय. पण जाणवणं आणि मोजणं वेगळं. टाकी फुल्ल करा पहिल्या ऑटोकटला, मीटर शून्य करा, त्याच रस्त्यावर चालवा, त्याच पंपावर त्याच नोझलला पुन्हा ऑटोकटपर्यंत भरा. असं साध्यावर काही टाक्या आणि प्रीमियमवर काही टाक्या करून बघा, हवेचा दाब सारखा ठेवून. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. मग हिशोब करा. साधं १०४ आणि प्रीमियम ११२ धरलं तर १५ चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीने १६ च्या वर द्यायला हवं, तेव्हा कुठे बरोबरीत येतो, फायदा अजून लांबच. पेट्रोल बदलून तेवढी वाढ साध्या इंजिनात मी तरी पाहिली नाही.

फोरमन_कोल्हापूर
काकांनी सगळं बरोबर लिहिलंय, मी गॅरेजच्या बाजूनं सांगतो. आमच्याकडं येणाऱ्या दहातल्या सात गाड्यांचा अ‍ॅव्हरेजचा रोग पेट्रोलचा नसतोयच बघा. एअर फिल्टर चोंदलेला, प्लग संपलेला, टायरमध्ये हवा कमी, नाहीतर ब्रेक धरून राहिलेला. हे चार बघायचं सोडून माणूस महाग पेट्रोल टाकतो आणि वर बाटली ओततो. टायरमध्ये पाच-सहा पॉइंट हवा कमी असली की गाडी ओढत चालते, त्याला कुठलं अ‍ॅडिटिव्ह काय करणार?

बाटल्यांचं सांगतो. इंजेक्टर क्लीनर म्हणून मिळतात त्यातल्या काही चांगल्या आहेत, ज्याच्यात पॉलीइथरअमाइन नावाचं डिटर्जंट असतं त्या. साधी एमपीएफआय गाडी, म्हणजे पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच फवारणारी, बरीच पळालेली, आयडलिंगला थरथरते, अशा गाडीत एकदा टाकून बघायला हरकत नाही, फरक पडलेला मी बघितलाय. पण दर सर्व्हिसिंगला टाकायची म्हणजे नुसती लूट हाय. दोन वर्षाच्या गाडीत इंजिन फ्लश कशाला पायजे? बिल करायच्या आधी जॉब कार्डवर लिहून द्या की विचारल्याशिवाय अ‍ॅडिटिव्ह टाकायचं नाही, मग कोण टाकत नाही. आणि गाडीचं मॅन्युअल उघडून बघा, बऱ्याच कंपन्यांनी त्यात मान्यता नसलेलं अ‍ॅडिटिव्ह वापरू नका असं स्वतःच लिहिलंय. त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात बाटली विकतात त्याला काय म्हणायचं.

ऑक्टेन बूस्टरपासून तर लांबच राहा. स्वस्तातल्या काहीत फेरोसीन असतंय, म्हणजे लोखंडाचं संयुग. प्लग काढला की टोक विटेसारखं लाल दिसतंय, तो थर वीज धरतो आणि गाडी मिस मारायला लागते. पोरं केटीएममध्ये टाकतात आणि मग प्लगला पैसे घालवतात. बाटलीवर "५ पॉइंट वाढ" लिहिलेलं असतं ते पण समजून घ्या, त्या धंद्यात पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग. ९१ चं ९६ होत नाही, साडेएक्क्याण्णव होतंय.

टाकीफुल्ल
हा पॉइंटचा प्रकार मला अजिबातच माहीत नव्हता फोरमनदादा. जॉब कार्डवर लिहून द्यायचं पण आता नक्की करणार.

ट्रकवाला_नाशिक
डिझेलवर कोणीच बोलत नाही म्हणून मी लिहितो. आमच्या घरच्या गाड्या आहेत, कांदा आणि द्राक्षं घेऊन बाहेरच्या राज्यात जातात. प्रीमियम डिझेल काही महिने एकाच गाडीत वापरून बघितलं, दुसरी तसलीच गाडी त्याच रूटवर साध्यावर ठेवली. लोड सारखा धरला तर फरक एवढा थोडा की ड्रायव्हर बदलला तरी त्याच्यापेक्षा जास्त फरक पडतो. बंद करून टाकलं. बीएस-६ आल्यावर एप्रिल २०२० पासून साध्या डिझेलमध्येच सल्फर ५० वरून १० पीपीएमवर आलंय आणि सिटेन, म्हणजे डिझेल किती चटकन पेटतं त्याचा आकडा, ५१ आहे, मग अजून काय पाहिजे. बीएस-६ डिझेलला खरी काळजी असते ती पाण्याची, वॉटर सेपरेटर वेळेवर रिकामा करणं, फिल्टर ओरिजिनल घालणं आणि डीईएफ म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी चांगल्या ठिकाणचं भरणं. भेसळीचं डीईएफ पडलं की जो खर्च येतो त्यात प्रीमियम डिझेलचा वर्षाचा हिशोब बुडून जातो. पंप ओळखीचा आणि खपाचा असावा, एवढं एक पाळतो आम्ही.

नागपूरकर_भाऊ
पंपाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या इकडच्या एका पंपावर न विचारताच प्रीमियमचं नोझल लावलं राजेहो, हजाराचं सांगितलं होतं, पावती पाहिली तेव्हा समजलं. भांडलो पण तेल तर टाकीत गेलं होतं. तेव्हापासून मी गाडीतून उतरतो, मोठ्यानं "साधं" म्हणतो आणि झिरोसोबत मशिनवरचा लिटरचा भाव पण पाहतो. भाव दिसतोच तिथं, लोक फक्त झिरो पाहतात.

रिफायनरीतला_काका
अगदी योग्य सवय. यात भर घालतो. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं, शंका आली तर ग्राहकाला मोजून मागायचा हक्क आहे, पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतच फरक चालतो. फिल्टर पेपर पण मागता येतो, पेट्रोलचा थेंब टाकला की उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. त्या दिवसाची डेन्सिटी पण लिहिलेली असते. माप कमी दिलं तर वैधमापन खात्याकडे तक्रार होते. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी मशिनमध्ये चिप बसवून माप मारणारे पंप राज्यभर पकडले होते, तिथले गिऱ्हाईक ऑक्टेन कितीचं का घेईनात, लिटरच पूर्ण मिळत नव्हता त्यांना.

आरएक्स_रत्नागिरी
माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्याकडे वडिलांची यामाहा आरएक्स १००, जुनी टू-स्ट्रोक बाइक आहे, जिवापाड जपलेली. ई-२० आल्यापासून कार्बुरेटरमधली रबरं फुगतात आणि पावसाळ्यात उभी राहिली की चालू होत नाही. कोणी म्हणतं इथेनॉलवरची बाटली मिळते ती टाक, कोणी म्हणतं एक्सपी १०० टाक. पुण्याला जाताना कॅनमधून आणू का? शिवाय नुसत्या एक्सपी ९५ ने भागेल का?

रिफायनरीतला_काका
कॅनमधून पेट्रोल आणू नका, पहिलं ते. दुसरं, ९५ वाल्यात पण इथेनॉल आहेच, तिथे तुमचा काही फायदा नाही. १०० ऑक्टेनवाल्यात इथेनॉल नसतं म्हणून लोक ते शोधतात हे खरं. इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० ला ते आणलं, मथुरेच्या रिफायनरीत बनतं, सुरुवातीच्या दहा शहरांत पुणे-मुंबई होती. पण भाव दीडशेच्या पुढे. आणि आरएक्सचं कॉम्प्रेशन सातच्या आसपास, तिला शंभर ऑक्टेनची काडीची गरज नाही, तुम्ही इतके पैसे फक्त इथेनॉल नसण्याचे देताय. शोकेसमधल्या जुन्या गाडीला महिन्यातून एकदा फिरवायला कोणी टाकत असेल तर मी नावं ठेवणार नाही. रोजच्या वापराला नको.

बाटलीचं सांगतो. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं. तुमच्याकडे कोकणात पावसात हवाच ओली. पाणी ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतं आणि वर उरतं कमी ऑक्टेनचं पेट्रोल. तळाचं पाणी आधी कार्बुरेटरमध्ये जातं म्हणून गाडी चालू होत नाही. एकदा असं वेगळं झालं की बाटली ओतून ते पूर्ववत होत नाही, काढून टाकायलाच लागतं. स्टॅबिलायझर फार तर पेट्रोल शिळं व्हायचा वेग कमी करतो.

घाटवाट
ई-२० ने अ‍ॅव्हरेज पडतं ते तरी प्रीमियमने भरून निघेल ना?

रिफायनरीतला_काका
नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय, ई-२० साठी न बनवलेल्या जुन्या चारचाकीत ६ ते ७ टक्के, तसल्याच दुचाकीत ३ ते ४ टक्के, ई-१० साठी बनवून ई-२० ला ट्यून केलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के घट. डिटर्जंटने ऊर्जा वाढत नाही. उसाला भाव मिळतो, तेलाची आयात घटते, हे फायदे मी नाकारत नाही, माझे अर्धे नातेवाईक ऊसवालेच आहेत. पण घट होते ती प्रामाणिकपणे सांगावी आणि जुन्या गाडीवाल्याला साध्या भावात कमी इथेनॉलचा एखादा पर्याय ठेवावा असं माझं ठाम मत आहे. आज तो पर्याय फक्त दीडशे रुपयेवाल्यालाच आहे हे मला खटकतं.

फोरमन_कोल्हापूर
आरएक्सवाले दादा, तुम्ही बाटलीचे पैसे रबरात घाला. पेट्रोल पाइप, कार्बुरेटरच्या ओ-रिंगा, नीडल व्हॉल्व्ह आणि पेट्रोल कॉकचं किट व्हायटॉन रबराचं घ्या, ते इथेनॉलला फुगत नाही. टाकीच्या झाकणाचं गास्केट पण बदला, पावसाचं पाणी आमच्याकडं तिथूनच आत गेलेलं सापडतं.

आरएक्स_रत्नागिरी
हे करतो दादा. पावसात महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू की भरलेली?

फोरमन_कोल्हापूर
दोन महिने असेल तर गळ्यापर्यंत भरून ठेवा, आत हवा कमी म्हणजे ओल कमी आणि टाकी आतून गंजत पण नाही. कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे कार्बुरेटरची वाटी रिकामी होते. त्यापेक्षा जास्त दिवस असेल तर टाकी पूर्ण काढून आत थोडं टू-टी म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल फिरवून ठेवा. आणि पुन्हा काढाल तेव्हा आधी कॉकखाली काचेची बाटली धरून थोडं पेट्रोल सोडा, दोन थर दिसले तर किक मारायची नाही, सगळं काढायचं.